नकाशावरचं पांढरं गाव

श्रावण लागला की आमच्या सोसायटीतल्या बायका पेठ रस्त्याला धबधबे बघायला जायचा बेत करतात. गाडी कोणाची, डब्यात कोणी काय आणायचं, सगळं जिन्यात उभ्याउभ्याच ठरतं. दरवर्षी कोणीतरी माझंही दार वाजवतं. "अर्चना, या वर्षी तरी चल गं. घाट काय हिरवा झालाय म्हणून सांगू!" मी काहीतरी कारण सांगते. सासूबाईंचं दुखणं, कंपनीतलं काम, काहीही. श्रावणात त्या रस्त्याने मी एकदाच गेले आहे. तेव्हा जीपच्या खिडकीपलीकडे धबधबे असतीलच, पण मला ते आठवत नाहीत. आठवतो तो गुडघ्यांवर धरलेला औषधांचा खोका आणि त्याच्यातल्या बाटल्यांची किणकिण.

त्या वर्षी मी एमसीएच्या शेवटच्या वर्षाला होते. आम्ही एकलहऱ्याला राहायचो, वीज केंद्राच्या कॉलनीत. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथे कंट्रोल रूममध्ये होते. उन्हाळ्यात दोरीवरच्या कपड्यांवर राखेचा बारीक थर बसायचा आणि आई ते झटकून मगच घडी घालायची. पावसाळ्यात राख खाली बसायची, हवा धुतल्यासारखी व्हायची, आणि मला वाटायचं, आता अभ्यास नीट होईल.

अभ्यास म्हणजे प्रोजेक्ट. ते दिलं होतं बागूल सरांनी. सर सटाण्याकडचे. शिकवताना छापील मराठी बोलायचे, पण चिडले की अहिराणी बाहेर यायची. पहिल्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्रातलं एक चित्र माझ्यासमोर टाकलं. कसल्याशा आकड्यांचे उभे खांब होते.

"काय दिसतं?"

"हा खांब मोठा आहे सर, हा लहान."

"हे आकडे कोणी मोजले? कधी? त्यातले कोणते सोडून दिले? खांब शून्यापासून सुरू होतो की मधूनच?"

मी चित्र जवळ ओढून पुन्हा पाहिलं.

"चित्र छान दिसतं," सर म्हणाले, "पण ते कसं झालं ते सांगत नाही. त्याला सांगायला लावायचं. ते तुझं प्रोजेक्ट."

त्या कामाला ऑन्टॉलॉजी म्हणतात. शब्द ऐकून आई घाबरली होती, तिला तो आजार वाटला. काम मात्र समजायला सोपं होतं. माहितीपासून चित्र बनवताना कोणकोणत्या गोष्टी लागतात, कोणकोणत्या पायऱ्या होतात, त्यांची नावं काय, कशाचं कशाशी नातं काय, हे सगळं इतकं नेमकं लिहायचं की माणसालाच काय, यंत्रालाही त्याचा माग काढता यावा. घरी कॉम्प्युटर नव्हता. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांच्या चिठ्ठ्या कापल्या आणि पलंगावर मांडल्या. नोंद. गाळणी. बेरीज. रंगपट्टी. नकाशा. आई म्हणायची, "भाजी निवडतेयस का शब्द?" झोपायच्या वेळी त्या चिठ्ठ्या गोळा करायच्या, सकाळी परत मांडायच्या.

एकदा सरांनी विचारलं, "नोंद रिकामी असेल तर काय लिहिशील?" मी म्हटलं, "रिकामी." ते म्हणाले, "रिकामी किती प्रकारची असते?" दोन दिवस विचार करून मी तीन चिठ्ठ्या लिहिल्या. मोजलं, पण काही निघालं नाही. मोजलंच नाही. मोजलं, पण आपल्यापर्यंत पोचलं नाही. सरांनी त्या वाचून मान डोलावली. त्या तीन चिठ्ठ्यांचा मला फार अभिमान वाटला होता. बसमध्ये नाशिकरोडपर्यंत मी त्या मनात घोळवत आले.

उदाहरणासाठी खरं चित्र हवं होतं. सरांच्या ओळखीचे डॉक्टर निकम एक छोटी संस्था चालवायचे. पेठ आणि सुरगाण्याच्या पाड्यांवर त्यांचा फिरता दवाखाना जायचा. दोन जीप होत्या, त्यातली एक ते स्वतः चालवायचे. पाड्यापाड्यांतून दर आठवड्याला तापाच्या रुग्णांचे कागद यायचे, ते गठ्ठ्याने पडून राहायचे. त्यांचा नकाशा करून द्यायचं काम मी घेतलं. ऑफिस पंचवटीत होतं, पिठाच्या गिरणीच्या वर. गिरणी सुरू झाली की टेबल थरथरायचं आणि कीबोर्डवर पांढरी भुकटी जमायची.

मी ट्रेसिंग पेपरवर पाड्यांच्या हद्दी काढल्या, त्या कॉम्प्युटरवर चढवल्या. ताप थोडा असेल तर पिवळा रंग, वाढला की नारिंगी, फार असेल तर लाल. एकही रुग्ण नाही तिथे पांढरा. आणि जिथून कागदच आला नाही तिथे राखाडी. पहिला नकाशा छापून मी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला.

"हे राखाडी काय आहे?"

"त्या पाड्यांचे कागद आलेले नाहीत, सर."

"अगं, पण निम्मा नकाशा राखाडी दिसतोय. आपण काही करतच नाही असं वाटतंय. शनिवारी बाहेरची मंडळी येणार आहेत काम बघायला. जरा नीट दिसेल असं कर ना."

डॉक्टर माणूस वाईट नव्हता. पावसात पाच-पाच कोस चालून जाणारा माणूस होता तो. आणि पांढरा कर असं त्यांनी म्हटलं नव्हतं, हे मला सांगायलाच हवं. ते मी केलं. प्रोग्राममध्ये एक ओळ घातली की रिकामी जागा शून्य समजावी. बस. राखाडी डाग गेले. पांढऱ्या कागदावर पिवळे, नारिंगी आणि मोजकेच लाल ठिपके उरले. मला तो नकाशा आवडला. शनिवारच्या पाहुण्यांनाही आवडला. त्यातल्या एका बाईंनी विचारलं, "हा कोणी केला?" डॉक्टरांनी माझ्याकडे हात केला आणि मी लाजून हसले.

शनिवार झाल्यावर ती ओळ काढायची असं मी ठरवलं होतं. सोमवारी आठवण झाली, पण नवे कागद चढवायचे होते. त्याच्या पुढच्या सोमवारी आठवणही झाली नाही.

मग पावसाने जोर धरला. पेठकडचे ओहोळ भरले. सोमवारच्या बैठकीत डॉक्टर भिंतीवरच्या नकाशासमोर उभे राहायचे आणि बोटाने दाखवायचे. या आठवड्यात इथे, इथे आणि इथे. बोट लालवर जायचं, नारिंगीवर जायचं. मी शेजारी उभी राहून यादी करायचे. रस्त्याच्या कडेचे पाडे कागद पाठवू शकत होते, म्हणून त्यांना रंग होता. ओहोळापलीकडचे पाडे कागद पाठवू शकत नव्हते, म्हणून ते एकेक करून पांढरे होत गेले. नकाशा दर आठवड्याला जास्त स्वच्छ दिसायला लागला. पाऊस लवकर लागला म्हणून ताप ओसरतोय, असंही कोणीतरी म्हणालं. ते मीही म्हणाले असेन.

मंजुळाताई भोये आल्या त्या दिवशी वीज गेलेली होती. गिरणी बंद, पंखा बंद. जिन्यात ओल्या पायांचा आवाज आला. मंजुळाताई संस्थेच्या आरोग्यसेविका. पन्नाशीच्या बाई, पाच पाडे पायी फिरायच्या. नाशिकला त्या क्वचितच यायच्या. डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ, लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं. पिशवीतून त्यांनी कागदांची पुरचुंडी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

"डॉक्टर कुठं हायेत?"

"सुरगाण्याकडे गेलेत. बसा ना, ताई."

त्या बसल्या नाहीत. "बोरदरीला गाडी का नाय आली? मी दोन चिठ्ठ्या धाडल्या व्हत्या. एक तर फाट्यावरच्या हाटेलातच पडून व्हती. आता येता येता मीच उचलली. दुसरी कुठं गेली काय ठावं."

मी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. तो नकाशा त्यांनी आधी बघितलेला नव्हता. त्या जवळ गेल्या. बोट नदीवरून फिरवत घाटापाशी आल्या, तिथून आत वळल्या.

"मग बोरदरी ही?"

"हो."

"हे बिनरंगाचं?"

"पांढरं आहे ते."

"पांढरं म्हंजे काय, ताई?"

नकाशाच्या कोपऱ्यात मीच छापलेलं होतं, तेच माझ्या तोंडून निघालं. "म्हणजे तिथे ताप नाही."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. रागाने नाही. आपण ऐकलं ते बरोबर ऐकलं का, असं बघतात तसं.

"घरटी माणूस पडलाय तिथं," त्या म्हणाल्या. "सोमा चौधरीची यमुना परवा गेली. भाताच्या आवणीला मदतीला माहेरी आली व्हती. ताप डोक्यात चढला. नाला वलांडून न्यावं तर नाल्याला ह्ये एवढं पाणी." हात त्यांनी छातीपाशी धरला आणि मग खुर्चीवर बसून तोच हात तोंडावरून फिरवला.

डॉक्टरांसाठी सुरगाण्याच्या एसटीडी बूथवर निरोप ठेवला. दुसरी जीप, ड्रायव्हर, ऑफिसातल्या नर्सबाई, मंजुळाताई आणि औषधांचे खोके असे तासाभरात निघाले. मला कोणी चल म्हटलं नव्हतं. मी जाऊन बसले.

जीप नाल्याअलीकडेच थांबली. पाणी कमरेपर्यंत उतरलं होतं. गावातल्या दोघांनी दोर धरला आणि आम्ही खोके डोक्यावर घेऊन नाला ओलांडला. पलीकडे भातखाचरं होती. अर्ध्या खाचरात रोपं लागलेली, अर्ध्यात नुसता चिखल, आणि बांधावर उपटलेल्या रोपांच्या मुठी तशाच पडून पिवळ्या पडत होत्या. लावणारी माणसं घरात होती. ओल्या गवताच्या छपराखाली, चुलीच्या बाजूला, जे मिळेल ते पांघरून कुडकुडत होती. एका घरात सगळ्यांत ठणठणीत होती ती शेळी.

अंधार पडायच्या आत डॉक्टरही पोचले. त्यांनी मला बघितलं, मंजुळाताईंना बघितलं, आणि कामाला लागले. मी रक्ताच्या काचपट्ट्यांवर नंबर घालत होते. सोमाबाबांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी आमच्यासाठी पाट शोधला. "आलात, बरं झालं," ते म्हणाले. त्यांची बायको पारूबाई तापातच भिंतीकडे तोंड करून निजली होती. यमुनाच्या बांगड्या कोनाड्यात ठेवलेल्या होत्या. सोमाबाबा पुन्हा म्हणाले, "या पावसात आलात. बरं झालं." मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. तिथे मी काही सांगितलं नाही. सांगायची ती वेळ नव्हती असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मला भीती वाटत होती.

बोरदरीतली बाकीची सगळी माणसं बरी झाली. परतताना मी डॉक्टरांना विचारलं, आपण दोन आठवडे आधी आलो असतो तर ती वाचली असती का? "सांगता येत नाही," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "बहुतेक." आणि पुन्हा, "सांगता येत नाही." राखाडीबद्दल आपण काय बोललो होतो ते त्यांना आठवत होतं. ते त्यांनी बोलून दाखवलं, आणि चूक माझी आहे, तुझी नाही, असंही म्हणाले. मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

घरी जेवताना मी अण्णांना सगळं सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला. "आमच्याकडे काटा शून्यावर आला की आधी वायर बघतात," ते म्हणाले. "मशीन बंद पडलंय का वायर सुटलीये. नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात हे. तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं, अण्णा."

आईने माझ्या पानात भात वाढला आणि तो मी खाल्ला, हेही मला आठवतं.

माहीत नसतं तर मी स्वतःला माफ केलं असतं. पण तीन प्रकारच्या रिकाम्या जागा मीच शोधल्या होत्या. त्या चिठ्ठ्या माझ्या वहीत होत्या, वही माझ्या पिशवीत होती, आणि पिशवी त्याच खुर्चीला अडकवलेली होती जिच्यावर बसून मी ती ओळ लिहिली. शिकलेलं आणि केलेलं यांच्यात एवढंही अंतर नव्हतं.

मी सरांकडे गेले आणि म्हटलं, हे उदाहरण नको. दुसरं काहीतरी घेते. पावसाचे आकडे घेते.

"का?"

मी सांगितलं. सरांनी चष्मा काढून पुसला. "मग हेच घ्यायचं," ते म्हणाले. "सगळं लिहायचं. प्रत्येक पायरी."

आमच्या मांडणीत प्रत्येक पायरीपुढे एक रकाना होता, कर्ता. ती पायरी कोणी केली. कागद कोणी भरला, बेरीज कोणी केली, रंग कोणी ठरवले. रिकाम्या जागा शून्य धरल्या, या पायरीपुढे मी लिहिलं होतं, प्रोग्राम. सरांनी त्या शब्दावर पेन्सिल टेकवली.

"प्रोग्रामला कोणी सांगितलं?"

मी पान उलटायला लागले.

"हाई काय शे, अर्चना?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. पेन्सिल त्यांनी माझ्यापुढे ठेवली. मी प्रोग्राम खोडलं आणि माझं पूर्ण नाव लिहिलं. ते लिहायला मला फार वेळ लागला.

दिवाळीनंतर तोंडी परीक्षा झाली. बाहेरच्या परीक्षकांनी ते पान उलटून पाहिलं. "नाव कशाला घातलंत? नुसतं वापरकर्ता लिहिलं तरी चाललं असतं."

"वापरकर्ता कोणीही असू शकतो, सर," मी म्हटलं. "हे मी केलं."

त्यांनी वर पाहिलं, मग बागूल सरांकडे पाहिलं, आणि पुढचा प्रश्न विचारला. मला चांगले गुण मिळाले. उदाहरण प्रभावी आहे, असा शेरा होता. आईने पेढे आणले. कॉलनीतल्या प्रत्येक घरी ते वाटायला ती मलाच घेऊन गेली, आणि प्रत्येक दारात मला वाटत होतं की हे पेढे कशाचे आहेत ते या लोकांना कळलं तर ते परत देतील.

आता मी अंबडच्या एका कारखान्यात काम करते. मशीनमधल्या बिघाडांचे आलेख काढते. एखादा दिवस कोरा दिसला की विचारते, खरंच बिघाड नव्हता की कोणी लिहिला नाही? सुपरवायझर वैतागतात. "मॅडम, नाही म्हणजे नाही." मी तरी खाली जाऊन विचारून येते. बहुतेक वेळा नाही म्हणजे नाहीच असतं. हल्ली टीव्हीवर, पेपरात रोज रंगीत नकाशे येतात, पावसाचे, निवडणुकीचे. ते बघताना मी आधी पांढऱ्या जागा शोधते. शेजारचे लाल-हिरव्यावर बोलत असतात.

पेढे वाटून झाले त्याच आठवड्यात मी बोरदरीला गेले. आधी मंजुळाताईंना गाठलं आणि त्यांना सगळं सांगितलं, राखाडी, शनिवार, ती एक ओळ. त्या चालता चालता ऐकत होत्या. नाल्यात आता दगड उघडे पडले होते, पाणी घोट्यालाही लागत नव्हतं.

"आता मला कशाला सांगतेस," त्या म्हणाल्या. "ज्यांना सांगायचं त्यांना सांग. मी संगं हाय."

सोमाबाबा आणि पारूबाई खळ्यावर नागलीची कणसं झोडपत होते. पारूबाई फार वाळल्या होत्या. मी उभ्यानेच सुरुवात केली. मला नीट बोलता येईना, तेव्हा मंजुळाताईंनी त्यांच्या बोलीत सांगितलं. मधूनमधून त्या मला विचारायच्या, असंच ना? मी मान हलवायचे. सोमाबाबा काठी टेकून ऐकत होते. पारूबाईंनी झोडपणं थांबवलं नाही, नुसतं हळू केलं.

सांगून झालं. मी वाट बघत राहिले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर त्या घ्यायची माझी तयारी होती. जा म्हटलं असतं तर गेलेही असते.

"म्हंजे तुमी लिहिलंत सगळं," सोमाबाबा म्हणाले. "कागदावर."

"हो, बाबा. माझं नाव घालून लिहिलं. मी केलं म्हणून."

"तिचं नाव?"

मला आधी कळलंच नाही.

"यमुनाचं," ते म्हणाले. "तिचं लिव्हलं का?"

मंजुळाताईंनी मान खाली घातली. त्यांच्या कागदावर मृत्यूच्या खणात नुसता '१' हा आकडा होता. तोच आकडा मी चढवला होता. सासरच्या गावच्या यादीत ती माहेरी गेलेली होती आणि माहेरच्या यादीत ती पाहुणी होती. माझ्या मांडणीत कागद भरणाऱ्याला जागा होती, बेरीज करणाऱ्याला जागा होती, रंग देणाऱ्याला जागा होती. ज्याची नोंद झाली त्या माणसासाठी मी रकानाच केला नव्हता, आणि ते सरांच्याही लक्षात आलं नव्हतं, परीक्षकांच्याही.

"नाही लिहिलं, बाबा."

पारूबाईंचे हात थांबले. त्या उठल्या, पदराने तोंड पुसलं आणि खळ्यावर माझ्यासाठी एक पोतं पसरलं. "बस," त्या म्हणाल्या. मी बसले. पिशवीतून वही काढली, पेन काढलं.

सोमाबाबांनी सांगितलं, मी लिहिलं. आधी तिचं नाव, मग बापाचं म्हणून त्यांचं, मग नवऱ्याचं, मग दोन्ही गावांची नावं. लिहिलेलं मी वाचून दाखवलं. त्यांनी एक अक्षर दुरुस्त करायला सांगितलं, ते केलं.

"वय किती होतं?"

"एकवीस," सोमाबाबा म्हणाले.

"कुठलं एकवीस," पारूबाई म्हणाल्या. "तेवीस. धाकट्या भावापरीस चार सालांनी मोठी व्हती ती."

"तीन सालांनी."

"तुमाला काय ठावं? तुमी तवा द्राक्षाच्या कामाला गेलते खाली. चालाया लागली तवा आलात तुमी."

सोमाबाबा हसले. पारूबाईही थोड्या हसल्या, आणि मग दोघं त्यांच्या बोलीत भराभर बोलू लागले. ती चालायला कधी लागली, पहिला शब्द काय बोलली, विहिरीवर पडली होती ते कोणत्या साली. मंजुळाताई मला अर्थ सांगेनाशा झाल्या. मी पेन हातात धरून, त्यांचं ठरेपर्यंत थांबले.